हातातला गेमिंग संगणक जाड असला तर बिघडलं कुठे?

खटपट्या

स्टीम डेक हा हातात धरायचा गेमिंग संगणक कुणाला दाखवला की पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "बाप रे, केवढं धूड!" मान्य आहे. २९८ मिमी लांब, मुठीपाशी ४९ मिमी जाड, आणि पहिल्या मॉडेलचं वजन ६६९ ग्रॅम. तरीही व्हॉल्व्ह कंपनीने २०२२ साली आणलेला हा आकार या जातीतला सगळ्यात विचारपूर्वक घडवलेला आहे, असं माझं ठाम मत आहे. नंतरच्या बऱ्याच यंत्रांनी जाहिरातीतले आकडे सांभाळले आणि हाताला वाऱ्यावर सोडलं.

वजन काट्यावर कितीही भरो, ते पेलायचं मनगटाला असतं. मूठ खोल असेल तर भार तळहातावर येतो. कड पातळ असेल तर तेच यंत्र बोटांच्या चिमटीत धरून ठेवावं लागतं आणि अर्ध्या तासात करंगळीला रग लागते. डेकच्या मुठी फुगीर आहेत त्या याच कारणाने.

दुसरी गोष्ट पडद्याची. डेकच्या १२८० बाय ८०० ठिपक्यांच्या आकड्याला लोक नाकं मुरडतात. पण पडदा, चिप, पंखा आणि बॅटरी एकमेकांच्या गळ्यात बांधलेली असतात. लेनोवोच्या लिजन गोच्या २५६० बाय १६०० पडद्यावर बरोबर चौपट ठिपके आहेत. तेवढे रंगवायचे तर चिपला जास्त वॅट लागणार, म्हणजे उष्णता वाढणार, पंखा वाढणार, बॅटरी लवकर संपणार. डेकची चिप १५ वॅटच्या वर जात नाही, म्हणून ४० वॅट-अवरची (म्हणजे ४० वॅट तासभर पुरवणारी) बॅटरी निदान तग तरी धरते. असूसचा आरओजी अ‍ॅलाय २०२३ मध्ये आला तेव्हा त्याचीही बॅटरी ४० वॅट-अवरचीच होती, पण चिप २५-३० वॅटपर्यंत ओढायची. भागाकार तुम्हीच करा. पुढच्याच वर्षी अ‍ॅलाय एक्स आला, बॅटरी ८० वॅट-अवरची आणि वजन ६०८ वरून ६७८ ग्रॅमवर. आधी हलकेपणाचा डंका, मग डेकपेक्षा जड!

चौथी_सीट

पूर्णतः असहमत. आणि अ‍ॅलाय एक्सचं उदाहरण तुमच्यावरच उलटतंय. बॅटरी दुप्पट झाली आणि वजन वाढलं फक्त ७० ग्रॅम. म्हणजे पेटीच्या आत जागा आणि वजन नीट वाचवता येतं. मग व्हॉल्व्हला पहिल्या फेरीत ते का जमलं नाही, हे सांगा.

मुळात हे यंत्र घराबाहेर न्यायला असतं की सोफ्यावर लोळायला? डेक त्याच्या कडक पेटीत घातला की ऑफिसच्या सॅकमध्ये डबा तरी राहतो किंवा डेक तरी. मी डबा निवडतो. लोकलमध्ये सीट मिळाली तरी २९८ मिमी रुंद वस्तू दोन कोपरं पसरून धरायची म्हणजे शेजाऱ्याशी भांडण ओढवून घेणं.

निन्टेंडोचा गेम बॉय आठवा. १९८९ साल, पडद्याला रंग नाही, मागे दिवा नाही, पण चार पेन्सिल सेलवर दहा-बारा तास सहज चालायचा. पुढच्या वर्षीचा सेगाचा गेम गिअर रंगीत, दिवावाला, अंगाने मोठा, आणि सहा सेल तीन ते पाच तासांत फस्त. कोण जिंकलं हे जगजाहीर आहे. पडद्यात काटकसर केली म्हणून तुम्ही डेकची पाठ थोपटता, मग तीच काटकसर अंगात का नको?

खटपट्या

पहिल्या फेरीत का जमलं नाही? कारण बोट फिरवून माउसचं काम करणारे दोन ट्रॅकपॅड आणि मागची चार बटणं बसवायची होती. ती जागा फुकट गेलेली नाही. सिव्हिलायझेशन सहासारखा माउसने खेळायचा गेम कांडीने (जॉयस्टिकने) खेळून बघा, एका संध्याकाळीत डोकं फिरेल. पीसीवरचे बरेच जुने गेम माउस गृहीत धरूनच बनलेले आहेत. अ‍ॅलायवर ट्रॅकपॅड नाही, म्हणून तो आटोपशीर दिसतो.

चष्मिश

ट्रॅकपॅडची किंमत कुणी चुकवली ते मी सांगते. त्यांना खाली जागा द्यायची म्हणून कांड्या वर गेल्या, आणि दिशांचं बटण व एबीएक्सवाय ही चार बटणं कांड्यांच्या शेजारी पार बाहेरच्या कडेला ढकलली गेली. माझे हात लहान आहेत. मारामारीचे गेम खेळताना अंगठा सतत बाहेरच्या बाजूला दुमडून ठेवावा लागतो. अ‍ॅलाय आणि लिजन गो दोघांनी कांड्या वर-खाली ठेवल्या, अंगठा आपसूक बटणावर येतो. "हाताचा विचार" म्हणताय तो नक्की कुणाच्या हाताचा?

शिवाय चाळिशी लागलेल्यांना सात इंचांत गेममधली अक्षरं वाचताच येत नाहीत. लिजन गोचे ८.८ इंच मला चोचले वाटत नाहीत, गरज वाटते.

मुंगूस

लिजन गो म्हणजे नाकापेक्षा मोती जड. कंट्रोलर धरून ८५४ ग्रॅम! ते काढल्यावर उरलेली नुसती पाटी ६४० ग्रॅमची, म्हणजे डेक ओलेड या नंतरच्या अख्ख्या मॉडेलएवढी. सुटे कंट्रोलर म्हटले की प्रत्येकात वेगळी बॅटरी आली, रूळ आला, खटका आला. आणि जिथे सांधा तिथे लवचिकपणा. एका बाजूने उचललं की मला तरी धाकधूक होते.

चष्मिश

मुंगूस, पण ते एका बाजूने उचलायचंच कशाला? मागचा पाय उघडा, टेबलावर उभं करा, कंट्रोलर दोन हातांत घेऊन खुर्चीत मागे रेला. हातावरचं वजन दोनशे-सव्वादोनशे ग्रॅम, आणि मानही खाली घालावी लागत नाही. खटपट्या मनगटाबद्दल एवढं बोलले, मानेचं नाव नाही. डेकला पायसुद्धा नाही, तो वेगळा विकत घ्यायचा.

वऱ्हाडी_ठेचा

तुम्ही सगळे एसीत बसून बोलून राहिले बावा. डेक ० ते ३५ अंशात सगळ्यात चांगला चालतो, असं व्हॉल्व्हनेच २०२२ च्या उन्हाळ्यात सांगितलं होतं. अकोल्यात मे महिन्यात ४४ अंश असतात. म्हणजे आमचा अर्धा उन्हाळा बाद.

म्हणून मी जाडीच्या बाजूने. मोठ्या पेटीत मोठा पंखा बसतो, मोठा पंखा हळू फिरूनही तेवढीच हवा ओढतो आणि कमी केकाटतो. ओलेड मॉडेलमध्ये पंखा मोठा केला, चिप सहा नॅनोमीटरची केली, बॅटरी ४० ची ५० केली, आणि वजन उलट ६४० वर आलं. पहिल्या अ‍ॅलायचं काय झालं? मेमरी कार्डाची खाच गरम हवेच्या वाटेजवळ, आणि उष्णतेने कार्ड रीडर बिघडू शकतो हे असूसला जाहीरपणे मान्य करावं लागलं. दाटीवाटी केली की असं होतं.

चौथी_सीट

ओलेडचं वजन कमी झालं हे तुम्हीच लिहिलंत, आभारी आहे. म्हणजे पहिल्यात फुगवटा होता.

जुनाबाजार

सगळे पाटीवरच भांडताय. जीपीडी कंपनी विन या नावाने २०१६ पासून दुमडणारा आकार करत आलीय, त्याची दखल कुणी घेत नाही. बंद केला की पडदा आत, कांड्या आत, वेगळी पेटी लागतच नाही. उघडला की समोर खराखुरा कीबोर्ड. विंडोजवर पासवर्ड टाकताना अर्धा पडदा झाकणारा तो कीबोर्ड वापरलाय का कुणी? संताप येतो.

खटपट्या

वापरलाय, आणि संताप रास्त आहे. पण दुमडायचं म्हटलं की दोन्ही अर्ध सपाट हवेत, मग मूठ येणार कुठून? कांड्याही बुटक्या ठेवाव्या लागतात. पेटी वाचली, हात गेला.

चष्मिशताई, मानेचा मुद्दा मी खोडत नाही, पण त्यासाठी टेबल लागतं. टेबल असेल तर मी लॅपटॉपच उघडेन. आणि एक बघा, २०२५ च्या ऑक्टोबरात आलेल्या एक्सबॉक्स अ‍ॅलायला कंपनीने कंट्रोलरसारख्या लांब मुठी दिल्या. त्यातल्या एक्स मॉडेलचं वजन ७१५ ग्रॅम. पातळपणाच्या शर्यतीतले लोक शेवटी मुठीवरच आले ना?

मुंगूस

अवांतर: ८० वॅट-अवरच्या पुढे फारसं कुणी जात नाही, याला विमानप्रवासाचाही हातभार असावा. केबिनमध्ये विनापरवानगी १०० वॅट-अवरपर्यंतच बॅटरी चालते.

जुनाबाजार

त्यावरही जीपीडीनेच तोड काढलीय. विन ५ मध्ये ८० वॅट-अवरची बॅटरी अंगाबाहेर. हवी तर पाठीला लावा, नाहीतर वायरने जोडून खिशात ठेवा.

चौथी_सीट

म्हणजे यंत्र हलकं आणि पँट जड. वर लोकलच्या गर्दीत लोंबणारी वायर.

वऱ्हाडी_ठेचा

आणि मे महिन्यात ते गरम बिस्कीट खिशात ठेवायचं? तुम्हीच ठेवा.

जुनाबाजार

खिसा नको तर सॅकमध्ये ठेवा. तुमच्या डब्याशेजारी बसेल.