पायवाट नको, तर मग चिखल तुडवायचा का?

खाडीकाठ: काल इथे कुणीतरी लिहिलं, "किनारी अभयारण्यांतल्या खांबांवरच्या लाकडी पायवाटा उखडून टाका, निसर्ग चिखलात उतरूनच कळतो." वाचून झोप उडाली. तिवराची मुळं चिखलातून पेन्सिलीसारखी वर येतात ती हवा घ्यायला. त्यांवर पाय पडला की मोडतात, शेजारची खेकड्यांची बिळं बुजतात. सिंगापूरचा चेक जावा हा किनारा घ्या. २००१ मध्ये तिथे भराव पडणार म्हणून त्याआधी तो बघायला लोकांची रीघ लागली आणि किनारा तुडवला गेला. भराव टळला, २००७ मध्ये किलोमीटरभराहून लांब पायवाट झाली. माणसं वर, जीव खाली.

चिखल्या: ते मीच लिहिलंय. खांब ठोकताना काय होतं ते नाही सांगितलंत. फळ्यांखाली ऊन पोचत नाही. लाकूड किडू नये म्हणून तांबं, क्रोमियम, आर्सेनिक मुरवायचे, ते पाण्यात उतरतं. मी वीस वर्षं चिखलात उतरतोय, पक्ष्यांना कधी त्रास दिला नाही.

भटकी: त्रास झाला की नाही हे तुम्ही कसं ठरवणार? ओहोटीचे मोजके तास तुतवार पक्ष्यांना पोट भरायला मिळतात. ठरल्या वाटेवरच्या माणसाला ते सरावतात, कुठूनही येणाऱ्याला बिचकतात.

तिवरबन: खरा त्रास कॅमेरावाल्यांचा! आईला चाकाच्या खुर्चीतून नेलं होतं. वाटेत तीन ट्रायपॉड आडवे. "थांबा, पक्षी उडेल." अर्धा तास थांबलो.

लांबनळी: सगळ्यांना एकाच काठीने हाणू नका. मी नेहमी बाजूला होतो.

तिवरबन: त्या दिवशी कुणी झालं नाही. वर कठड्याचा आडवा दांडा नेमका आईच्या डोळ्यांसमोर. एका वळणावर कठडा बुटका होता, तिथे खाली निवटी दिसली, चिखलात फिरणारी मासळी. कल्ल्यांजवळच्या परांवर रेटत मुळावर चढली, घसरली, पुन्हा चढली. आई तिथून हलेना. तिला चिखलात कोण उतरवणार होतं?

लांबनळी: वाट अडवणं चूकच. पण दर वेळी आम्हीच का?

भटकी: कारण थांबायच्या जागा रुंद नसतात. बांधणाऱ्यांना सांगा.

चिखल्या: आईंचं पटलं. उखडा म्हणालो ते मागे घेतो. पण फळ्यांत फटी हव्यात, लाकूड बिनविषारी हवं, आणि पिलांच्या दिवसांत वाट बंद. यावर मी हटणार नाही.

खाडीकाठ: हे काल लिहिलं असतंत तर मी भांडायला आलोच नसतो. बंद ठेवण्याचं मात्र मला सगळीकडे मान्य नाही. घरटी वाटेपासून लांब असतील तर कशाला?