मदत हवी आहे: पेट्रोल गाडीला एलपीजी किट बसवू की नको?

वैतागलेला_मास्तर (धागाकर्ता)
नमस्कार मंडळी. पेट्रोल १०४ च्या खाली यायचं नाव घेत नाही. गाडीला एलपीजी किट बसवायचा विचार आहे. फिटर म्हणतो १४ हजारात करून देतो, पण शनिवारपर्यंत कळवा. बसवू का? ज्यांना अनुभव आहे त्यांनीच लिहा, आणि जरा लवकर.

हिशेबनीस
गाडी कुठली, किती सालची, महिन्याचं रनिंग किती, ॲव्हरेज किती, गॅसचा पंप घरापासून किती लांब? यातलं एकही लिहिलेलं नाही. आम्ही काय पंचांग बघून सांगायचं?

तांबडी_माती
डोळे झाकून बसवा. माझ्या ओम्नीला अकरा वर्षं होतं. एकदाच दगा दिला, तोही थंडीत, आंबा घाट चढताना. गाडी आचके द्यायला लागली म्हणून बॉनेट उघडलं तर रिड्यूसरवर, म्हणजे गॅसचा दाब कमी करणाऱ्या डबीवर, फ्रीजरमध्ये साचतो तसा पांढरा बर्फ! रेडिएटरचं पाणी कमी झालेलं. टाकीतल्या पातळ गॅसची वाफ करायला त्या गरम पाण्याचीच ऊब लागते. गाडी गार होऊ दिली, पाणी भरलं, पुढं निघालो. बाकी तक्रार शून्य.

सीएनजीच_बरा
एलपीजीच्या नादाला लागू नका. हवेपेक्षा जड असतो, गळला की खालीच साचून राहतो. सीएनजी वर उडून जातो.

तांबडी_माती
@सीएनजीच_बरा, उडून जातो हे खरं. पण तुमच्या सिलिंडरात २०० बारचा दाब असतो आणि डिकीत पिशवी ठेवायला जागा उरत नाही, तेही सांगा की. एलपीजीची गोल टाकी स्टेपनीच्या खड्ड्यात बसते.

सीएनजीच_बरा
मग पंक्चर झाल्यावर स्टेपनी काय डोक्यावर घेता?

वैतागलेला_मास्तर
अहो भांडू नका. वॅगन आर आहे, २०११ ची. सांगली जिल्ह्यात राहतो, इकडं सीएनजीला रांग लागते म्हणून एलपीजी. रनिंग साधारण. आता सांगा.

हिशेबनीस
"साधारण" म्हणजे किती हो? माझा चुलतभाऊ साधारण जेवतो, आठ भाकरी.

हिरवी_पाटी
इलेक्ट्रिक घ्या. सोलर बसवा. गाडी फुकटात पळेल.

वैतागलेला_मास्तर
@हिरवी_पाटी, १४ हजार जमवताना घाम फुटलाय, तुम्ही कुठं चाललाय?
@हिशेबनीस, शाळा नऊ किलोमीटरवर. बाजार, पाहुणेरावळे धरून महिन्याला ५००. ॲव्हरेज १५ देते, पूर्वी १७ द्यायची.

ऊसवाला_बाप्पा
पूर्वी १७ आणि आता १५? पेट्रोलमधल्या २० टक्के इथेनॉलची कृपा. किट कसलं बसवताय, आधी सरकारला जाब विचारा.

सीएनजीच_बरा
बाप्पा, इथेनॉल तुमच्याच उसाचं ना? बिलं घेताना गोड लागतं.

ऊसवाला_बाप्पा
बिल मिळालं तर गोड लागेल!

हिशेबनीस
कारखाना दुसऱ्या धाग्यावर चालवा. मास्तर, पंप किती लांब ते अजून सांगितलं नाहीत.

वैतागलेला_मास्तर
२६ किलोमीटर. शाळेच्या उलट्या दिशेला. गॅस ६२ रुपये लिटर.

हिशेबनीस
आता लिहून घ्या. पेट्रोलवर १०४ भागिले १५, म्हणजे किलोमीटरला जवळपास सात रुपये. गॅसवर ॲव्हरेज पडतंच, साडेबारा धरू, म्हणजे पाच रुपये. वाचले दोन. महिन्याचे हजार.
आता गोल टाकी ४० लिटरची असली तरी ८० टक्क्यांच्या वर भरत नाहीत, गॅस फुगायला जागा ठेवावी लागते. ३२ लिटर, म्हणजे ४०० किलोमीटर. तेवढ्यासाठी पंपावर जाऊन येऊन ५२ किलोमीटर. महिन्याचे सव्वातीनशे तिथंच उडाले. शिवाय इंजिन गरम होईपर्यंत गाडी पेट्रोलवरच चालते, आणि तुमची शाळा नऊ किलोमीटरवर. हातात सहाशेच्या आसपास राहतील. नवं सिक्वेन्शियल किट (प्रत्येक सिलिंडरला मोजून गॅस सोडणारं) ३०-३५ हजाराला धरा. पैसे फिटायला चार-पाच वर्षं. आणि २०११ ची गाडी म्हणजे पंधरा वर्षांचा फेरा आलाच: फिटनेस, रिन्यूअल, जुन्या गाड्यांवरचा ग्रीन टॅक्स.

तांबडी_माती
अहो पण त्यांना १४ हजारात मिळतंय ना! दोन वर्षांत वसूल.

हिशेबनीस
तेच तर विचारतोय. १४ हजारात कसं?

जुगाडू_जग्गू
मास्तर, पंपाची भानगडच नको. आमच्या गावात घरच्या सिलिंडरवर गाड्या पळतात. एक नळी, एक रेग्युलेटर, संपला विषय.

इंजिनदादा
विषयच संपतो, बरोबर. १४.२ किलोची घरगुती टाकी गाडीत वापरणं बेकायदा आहे, आणि तिला ना ८० टक्क्यांला भरणं बंद करणारा मल्टिव्हॉल्व्ह, ना धक्क्यात टिकणारी बैठक. कृपा करून इथं असले सल्ले देऊ नका.
मास्तर, माझं काम हेच आहे म्हणून सांगतो. किट मान्यताप्राप्त हवं आणि ती मान्यता तुमच्या गाडीच्या इंजिनाला लागू हवी. बसवल्यावर आरसी बुकात इंधन बदलून घ्यायचं आणि विमा कंपनीला कळवायचं. फुल इन्शुरन्स असेल तर किटच्या किमतीच्या ४ टक्के आणि थर्ड पार्टीचे ६० रुपये जादा लागतात. हे टाळलं तर क्लेमच्या वेळी कंपनी हात वर करते. फिटर कागद देतोय का?

वैतागलेला_मास्तर
तो म्हणाला "पासिंगचं मी बघतो, तुम्हाला आरटीओत यायचीसुद्धा गरज नाही."
आणि किट नवीन नाही. सांगायचं राहिलं. भंगारात गेलेल्या वॅगन आरचंच आहे, त्यामुळं फिट बसेल म्हणतो. दोन हजार ॲडव्हान्स दिलाय.

हिशेबनीस
"सांगायचं राहिलं"! मास्तर, पोरांनी पेपरात असं केलं तर किती मार्क देता?

तांबडी_माती
जुनं असलं म्हणून काय झालं, माझं पण...

इंजिनदादा
तांबडी_माती, थांबा. बाकी सगळं नंतरही बघता येतं, टाकीचं तसं नाही. टाकीची दर पाच वर्षांनी चाचणी करावी लागते. तिच्यावर धातूची पट्टी असते, तिच्यावर नंबर आणि चाचणीची तारीख ठोकलेली असते. मास्तर, जाऊन फक्त ती पट्टी बघा.

सीएनजीच_बरा
मी पहिल्यापासून सांगतोय...

वैतागलेला_मास्तर
शाळा सुटल्यावर जाऊन आलो. टाकी चकाचक लाल. पट्टीवर पण तोच रंग, अजून हाताला चिकटतोय. फिटर चहा सांगायला बाहेर गेला तेवढ्यात एक रुपयाच्या नाण्यानं खरवडलं. आधी नुसताच राखाडी पत्रा दिसला, मग ०९ असे दोन आकडे. महिना दिसला नाही. त्यानंतरचा कसलाच शिक्का नाही.
चहा घेतला नाही. ॲडव्हान्स मागितला तर म्हणतो सोमवारी या.