परसातली खाजकुइली, कुंपणावरची खाजकोलती: तुमचे अनुभव सांगा

वेलांटी
परवा मागच्या शेवग्यावर चढलेला वेल उतरवायला शिडी लावली, वर पाहिलं तर शेंगांचे घोस. टोकाशी वाकड्या वळलेल्या, अंगभर सोनेरी-तपकिरी लव, उन्हात मखमलीसारखी चमकत होती. खाजकुइली! हात आपोआप मागे आला आणि एकदम आजी आठवली. शेंगा वाळायला लागल्या की ती त्या बाजूच्या दोरीवर कपडे घालूच द्यायची नाही. वारा सुटला की ओरडायची, "कुइली सुटली, आत या रे!" आणि आम्ही सगळी पोरं घरात. त्या दिवसांत तान्ह्या बाळाची दुपटी माजघरात वाळायची.

माझं ठरलंय. माणसांची ये-जा आहे तिथला वेल काढणार, मागच्या बांधावरचा राहू देणार. गर्द जांभळ्या फुलांचे झुबके लोंबतात ते मला फार आवडतात. तुम्ही लोक कसे राहता या मंडळींसोबत? काढता कशी, लागली तर काय करता, आठवणी, सगळं लिहा.

पाटाचं पाणी
आधी शिडीवरून खाली ये बाई :)
शेंगा धरल्यावर घाई नको. पहाटे दव असताना काढायची, किंवा आधी पंपाने शेंगा चिंब भिजवायच्या. ओली लव उडत नाही. खाली पोतं धरून घोसच्या घोस कापून आत टाकायचे आणि खोल खड्ड्यात पुरायचे. पूर्ण बाह्या, गॉगल, डोक्याला फडकं, नाकातोंडालाही. काम झालं की ते कपडे थेट बादलीत, घरच्या कपड्यांत मिसळायचे नाहीत.
जाळू मात्र नका. धग लागली की लव धुराबरोबर वर उठते आणि डोळ्यात, घशात जाते.

निशिगंध७
बापरे. वाचूनच खाजायला लागलं.

सावली
माझी आठवण हसण्यासारखी नाही. वर्गातल्या एकाने बाकावर ही लव पसरून ठेवली होती. बसली माझी मैत्रीण. मांड्या लालेलाल, खाजवून खाजवून रक्त आलं, आणि वर्ग हसत होता. तिच्या आईने घरी नेऊन कोरडी राख टाकून अलगद झटकली, मग शेण लावलं, वाळल्यावर खरवडून काढलं, मग आंघोळ. संध्याकाळपर्यंत निवलं. पण ती पुढे कितीतरी दिवस बसायच्या आधी बाक हाताने चाचपून बघायची. लोक हे गमतीने सांगतात तेव्हा मला अजून राग येतो.

वेलांटी
सावली, खरंय गं. तिला माझ्याकडून जवळ घे.

जुईचा मांडव
राख आणि शेण यामागची युक्ती बरोबर आहे, लव चोळायची नाही, चिकटवून किंवा झटकून काढायची. आता चिकटपट्टी वापरा, स्वच्छही आहे. पट्टी लावायची, उचलायची, दर वेळी नवा तुकडा. नंतर गार पाणी आणि साबण. डोळ्यात गेली तर अजिबात चोळू नका, भरपूर पाण्याने धुवा आणि डॉक्टर गाठा.

ही खाज अंगावर पित्ताच्या गांधी उठतात तशी नसते. लवेत म्युक्युनेन नावाचं प्रथिनं तोडणारं विकर (एन्झाइम) असतं, ते त्वचेतल्या खाजेच्या मज्जातंतूंना थेट चेतवतं. ॲलर्जीत अंगात सुटणाऱ्या हिस्टामिन या द्रव्याचा त्यात फारसा हात नाही, म्हणून ॲलर्जीची गोळी घेऊनही म्हणावा तसा उतार पडत नाही. गोळी घेतली तरी आधी लव काढा.

मोरपंखी
अळूची खाज हीच का? माझ्या जाऊबाईंना अळू चिरला तरी हात चुरचुरतात.

जुईचा मांडव
नाही, अळू-सुरणात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, ते टोचतात. हाताला तेल लावून चिरायला सांगा.

मोरपंखी
सांगते. त्यांना वाटतं मी काम टाळायला तेल शोधत बसते.

रानझरा
खाजकोलतीबद्दल कोणीच लिहिलं नाही! ती खरी छुपी. खाजकुइलीच्या शेंगा लांबून दिसतात तरी, ही बारीक वेल कुंपणावर बाकीच्या पाल्यात मिसळून जाते. करवती कडेची पानं, देठापासून फळापर्यंत सगळीकडे दंशकेस. मनगटाला नुसती घासली तरी आग आग. प्रत्येक दंशकेसात कॅल्शियम ऑक्झलेटचाच एक मोठा स्फटिक सुईसारखा बसवलेला असतो, तो टोचतो आणि मागून विष आत जातं. उपटली तरी मूळ राहिलं की पावसात पुन्हा हजर.

मी ती मुळासकट काढायच्या तयारीत होतो. जाड हातमोजे घालून बसलो, पान उलटलं तर खाली मोहरीहून लहान अंडं, त्यालाही बारीक केस. शेजारच्या पानावर फांद्या फुटलेल्या काट्यांची हिरवी अळी, दंशकेसांमधून वाट काढत कड कुरतडत होती. खुरपं बाजूला ठेवून बघत बसलो. अँगल्ड कॅस्टर फुलपाखराची अळी. ही कॅस्टर मंडळी एरंडावर आणि खाजकोलतीवर वाढतात, आणि जोकर नावाचं केशरी फुलपाखरूही खाजकोलतीवरच अंडी घालतं. त्या दिवसापासून कुंपणाचा तेवढा कोपरा त्यांचा. वेल वाटेवर झुकली तर काठीने आत सारतो. घरातल्या मुलांनाही पान ओळखायला शिकवलंय, आता तीच पाहुण्यांना सांगतात, इकडून जाऊ नका.

निशिगंध७
रानझरा, अळीचा फोटो आहे का??

रानझरा
रात्री टाकतो, आत्ता शेतावर आहे.

डोंगरमाथा
नोकरीमुळे उत्तराखंडात राहिलो. तिकडे अशीच आग करणारी बिच्छू घास असते, गढवालात कंडाली म्हणतात. घराच्या मागे, गोठ्यापाशी, जिथे शेणखताची माती तिथे हटकून. बायका चिमट्याने कोवळे शेंडे खुडतात आणि भाजी करतात, शिजलं की दंश संपतो. नेपाळात अल्लो म्हणून याच कुळातली मोठी वनस्पती आहे, तिच्या सालीच्या धाग्याचं कापड विणतात. मी पंचा आणला होता, दणकट निघाला.

दूरदेशी
इंग्लंडात नेटल. मागच्या अंगणात पिवळ्या मुळ्यांचं जाळंच आहे. शेजारच्या आजोबांनी सांगितलं, सगळं काढू नकोस, उन्हातला एक पट्टा ठेव. ठेवला. पीकॉक फुलपाखराच्या काळ्या अळ्यांचे पुंजके आले. चिमूटभर जागेत केवढं जग! इथे लागलं की डॉक नावाच्या रानटी झाडाचं पान चोळतात, मला गार वाटण्यापलीकडे गुण आला नाही.

पाटाचं पाणी
लव नसलेली खाजकुइलीची जातही असते बरं का, हिरवळीच्या खतासाठी लावतात. मुळांच्या गाठींमुळे जमिनीला नत्र मिळतो. बी कुठून घेताय ते मात्र नीट बघा, उगवल्यावर तीन पानांचं रोप दोन्हींचं सारखंच दिसतं, आणि पावट्यासारखंही. नको असेल तर तेव्हाच, फुलायच्या आत काढायचं. तेव्हा हाताला काही होत नाही.

तुळशीवृंदावन
थोडं वेगळं लिहिते. बाबांना पार्किन्सन आहे. पेला ओठापर्यंत नेताना पाणी सांडायचं, मग ते सगळ्यांसमोर प्यायचेच नाहीत. लेव्होडोपा हे औषध सुरू झालं आणि त्यांनी माझ्यासमोर चहा प्यायला. तोच घटक खाजकुइलीच्या बियांत असतो. १९३७ साली दामोदरन आणि रामस्वामी यांनी तो या बियांतून वेगळा काढला होता. हे कळल्यापासून बांधावरच्या वेलाकडे मी वेगळ्या नजरेने बघते.

पण एक कळकळीने सांगते. आमच्या नात्यातल्या एकांनी कवचबीजाची, म्हणजे खाजकुइलीच्याच बियांची, पूड आणून दिली, "नैसर्गिकच आहे" म्हणून. बाबांच्या डॉक्टरांनी स्पष्ट नाही म्हटलं. गोळीतलं औषध मोजून ठरवलेलं असतं, त्यात पुडीतलं किती भर घालेल ते कळत नाही. मळमळ, रक्तदाब उतरणं, अंगाच्या नको त्या हालचाली, सगळं होऊ शकतं. कोणीही मनाने देऊ नका.

सावली
तुळशीवृंदावन, बाबा कसे आहेत आता?

तुळशीवृंदावन
सकाळी छान असतात. स्वतःच्या हाताने जास्वंदीला पाणी घालतात.

वेलांटी
किती काय काय मिळालं! उद्या पहाटे पंप घेऊन लागते कामाला. रानझरा, माझ्याकडे कुंपणाला एरंड आहे, खाजकोलती नाही. कॅस्टर येतील का एरंडावर?

रानझरा
येतील, पाठची बाजू बघत जा पानाची. एरंड छाटू नका फक्त.

मोरपंखी
जाऊबाईंना तेलाचं पटलं.