मदत हवी आहे : ‘बुरखा’ शब्दातील ‘ख’ कोठून आला?

‘बुरखा’ हा शब्द मूळ अरबी ‘बुर्कु’वरून फारसीमार्गे मराठीत आला आणि जुन्या अरबीत तो बेदुइन (वाळवंटातील भटक्या अरब) स्त्रियांच्या मुखावरणाप्रमाणेच जनावरांच्या तोंडावरील आच्छादनासाठीही वापरला जाई, येथवर माझी अडचण नाही. प्रश्न उच्चाराचा आहे. कलम, किल्ला, नकाब या शब्दांतील मूळ ‘क़’ (घशातून उच्चारला जाणारा ‘क’) मराठीत सरळ ‘क’ झाला असताना, ‘बुरखा’तच तो ‘ख’ का झाला असावा? दखनीच्या (दख्खनमधील उर्दू बोलीच्या) प्रभावाची मला शंका येते. तसेच ‘बुरखा फाडणे’ हा ढोंग उघडे पाडण्याचा अर्थ मराठीत कधीपासून रूढ आहे आणि संतवाङ्मयातील ‘बुंथी’ (अंगावरून घेतलेले आच्छादन, घुंगट) या शब्दाची व्युत्पत्ती काय, हेही जाणकारांनी कृपया जुन्या लेखनातील उदाहरणांसह सांगावे.