विषय: कॅम्पसवरची ज्यू मुलं आणि आपली दिवाळी

प्रेषक: ओंकार
गुरुवार, २ नोव्हेंबर २०२३

सर्व काका-काकू, दादा-ताईंना नमस्कार,

मी इथाकातल्या (न्यूयॉर्क राज्य) कॉर्नेल विद्यापीठात पीएचडी करतो. गणपतीत ढोलावर होतो तो. दिवाळीच्या मेलांमध्ये मध्येच हा विषय घुसवतोय, पण राहवत नाही.

बातम्या तुम्ही पाहिल्याच असतील. गेल्या शनिवार-रविवारी एका ऑनलाइन फोरमवर इथल्या ज्यू विद्यार्थ्यांना जिवे मारायच्या धमक्या आल्या. १०४ वेस्टचं नाव घेऊन तिथे गोळीबार करीन असं लिहिलं होतं. १०४ वेस्ट म्हणजे कोशर मेस (ज्यूंच्या आहारनियमांप्रमाणे चालणारी), आणि शेजारीच ज्यू मुलांचं राहण्याचं सेंटर. हिलेल या ज्यू विद्यार्थ्यांच्या संघटनेने रविवारी मुलांना कळवलं, त्या इमारतीकडे फिरकू नका. सोमवारी न्यूयॉर्कच्या गव्हर्नर होकुल येऊन गेल्या, मंगळवारी एकाला अटक झाली. बाहेरचा कोणी नाही, इथलाच तिसऱ्या वर्षाचा विद्यार्थी. उद्या शुक्रवारी सगळे वर्ग रद्द आहेत.

आमच्या लॅबमध्ये एक मुलगी कोशर पाळते. सोमवारी दुपारी कॉरिडॉरमध्ये उभ्याउभ्या बरणीतून चमच्याने पीनट बटर खात होती. जेवलीस का विचारलं, तर म्हणाली, हेच जेवण. मेसला जायची भीती, आणि दुसरीकडे तिला चालेल असं फारसं काही मिळत नाही. गळ्यातली ज्यूंची सहा कोनांची चांदणी स्वेटरच्या आत ढकललेली.

११ तारखेच्या आपल्या कार्यक्रमाला तिला आणि तिच्या मैत्रिणींना बोलवावं का? आपल्या मराठी मंडळाने निषेधाचं पत्रक काढावं का? मोठ्यांनी सांगावं.

ओंकार

---

प्रेषक: श्रीरंग (खजिनदार)
गुरुवार, २ नोव्हेंबर

ओंकार,

तुझी कळकळ समजते. मुलींना जरूर बोलव, जेवण भरपूर असतं. पण पत्रकाच्या भानगडीत मंडळाने पडू नये असं माझं स्पष्ट मत आहे. एका पत्रकावरून हे मंडळ फुटता फुटता वाचलंय, जुन्या सभासदांना आठवत असेल. आज हे काढलं की उद्या कोणी गाझाचं मागेल, परवा आणखी कशाचं. आपण नाटकं करतो, फराळ करतो, तेवढंच बरं.

ता. क. : कार्यक्रमाची वर्गणी अजून निम्म्या लोकांची यायची आहे.

श्रीरंग

---

प्रेषक: वैशाली
शुक्रवार, ३ नोव्हेंबर

श्रीरंगकाका, ओंकार आणि सगळेच,

पत्रक नको, इथवर मी काकांबरोबर आहे. कारण मात्र वेगळं. मी दुसऱ्या एका कॉलेजात विद्यार्थ्यांच्या डीनच्या ऑफिसात काम करते. ७ ऑक्टोबरच्या हमासच्या हल्ल्यापासून मुलांच्या इनबॉक्समध्ये पत्रकांचा नुसता पाऊस पडतोय. कोणी ती वाचत नाही. कोणता शब्द घातला आणि कोणता गाळला एवढं बघतात आणि आणखी चिडतात. आपल्या पत्रकाने त्यात एकाची भर पडेल, त्या मुलीच्या पोटात काही जाणार नाही.

मग काय करायचं? माझ्याकडे मुलं येतात ती फार साध्या गोष्टी मागतात. रात्री लायब्ररीतून खोलीवर जाताना सोबत. परवा घड्याळं मागे जातायत, म्हणजे पाचच्या आतच काळोख. कॅम्पस पोलिसांची सोबत फोन केला की मिळते, पण युनिफॉर्मवाल्यापेक्षा ओळखीचा माणूस बरा वाटतो. ज्यांच्याकडे गाडी आहे त्यांनी आठवड्यातली एखादी संध्याकाळ द्यावी.

दुसरं, आणि हे मी जरा कडक शब्दांत सांगणार आहे. ‘गाझाबद्दल तुझं मत काय?’ हा पहिला प्रश्न नको. मणिपूरवर मत दिल्याशिवाय ताट पुढे करणार नाही असं कोणी आपल्या मुलांना म्हटलं तर? तिची मावशी इस्रायलमध्ये अश्दोदला असेल. किंवा ती स्वतः युद्धबंदीच्या मोर्चात जात असेल. दोन्ही प्रकारची मुलं माझ्यासमोर बसतात, कधीकधी एकाच खोलीत राहणारी. ती आपणहून बोलेल तेव्हा ऐकायचं. ‘पण तिकडे बघ ना काय चाललंय’ हे वाक्य त्या वेळी गिळून टाकायचं. तिकडे लेकरं मरतायत हे तिलाही दिसतं, आणि त्याचा जाब इथल्या एकोणीस वर्षांच्या पोरीला द्यायचा नसतो.

उलट बाजूनेही भान हवं. घोषणा आवडली नाही म्हणून ती धमकी होत नाही. नेतन्याहूंच्या सरकारविरुद्ध फलक धरणारा वेगळा आणि मेसमध्ये येऊन गोळ्या घालीन म्हणणारा वेगळा. हा फरक आपण पुसला तर उद्या खऱ्या धमकीकडेही कोणी बघणार नाही.

तक्रारीबद्दल थोडं. दारावर काही खरडलं, मेसेज आला, कोणी पाठलाग केला, तर आधी फोटो, तारीख, वेळ. पुसायचं नाही. मग कॉलेजकडे नोंद. १९६४च्या नागरी हक्क कायद्यातला टायटल सिक्स हा भाग वंश, वर्ण आणि राष्ट्रीय मूळ यांवरून होणारा भेदभाव रोखतो. धर्माचं नाव त्यात नाही, म्हणून पुष्कळ ज्यू मुलांना वाटतं की तो आपल्याला लागू नाही. लागू होतो. पूर्वज एक असलेल्या गटांना शिक्षण खातं २००४पासून त्यात धरतं, आणि त्याच न्यायाने शीख किंवा मुस्लिम मुलांनाही. केंद्राचा पैसा घेणाऱ्या प्रत्येक विद्यापीठावर ते बंधन आहे. कॉलेजने कानाडोळा केला तर खात्याच्या नागरी हक्क कार्यालयाकडे जाता येतं, घटनेपासून १८० दिवसांच्या आत. वकिली आपण करायची नाही. पण मूल तक्रार द्यायला आत गेलं असताना बाहेरच्या बाकावर कोणीतरी बसलेलं असावं.

शेवटचं : दरवर्षी हॉलच्या दारात आपण केवढं तरी मोठं स्वस्तिक काढतो. यंदा त्याचा विचार करावा.

वैशाली

---

प्रेषक: श्रीरंग (खजिनदार)
शुक्रवार, ३ नोव्हेंबर

वैशाली, बाकी सगळं पटलं. स्वस्तिकाचं नाही. हिटलरच्या आधी हजारो वर्षं ते आपलं आहे. कॅलिफोर्नियाने गेल्या वर्षी कायद्यातसुद्धा ते नाझींच्या चिन्हापासून वेगळं काढलं. आपल्याच दिवाळीत आपणच ते झाकून ठेवायचं?

श्रीरंग

---

प्रेषक: एस्तेर
शनिवार, ४ नोव्हेंबर, रात्री

सर्वांना शालोम आणि नमस्कार,

शब्बाथ (शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवार रात्रीपर्यंतचा आमचा विश्रांतीचा दिवस) सुटल्यावर मेल उघडली. माझ्याबद्दल कुणी काही लिहिलं नाही हे बरं केलंत. आताच सांगते, मला स्टेजवर बोलावून ‘आपल्या मराठी ज्यू भगिनी’ असलं काही करू नका.

श्रीरंगभाऊ, मी ठाण्यात वाढले. चाळीत प्रत्येक उंबऱ्यावर स्वस्तिक असायचं आणि आमच्या दारात शेजारीण पणती ठेवून जायची. मला त्याचं काडीचं वाटत नाही. पण जिच्या पणजीचं अख्खं घर पोलंडमध्ये संपलं, ती मुलगी दारात आली की आधी तिच्या पोटात गोळा येईल, तुमचं स्पष्टीकरण त्यानंतर. त्यातून हा आठवडा असला. झाका कोण म्हणतंय? पूजेच्या चौरंगापाशी काढा, तिथे त्याचा मान आहे. दारात कमळ काढा. आणि ओंकार, आत स्वस्तिक दिसेल हे तिला आधीच फोनवर सांग. माहीत असलं की माणूस दचकत नाही.

दुसरं. या आठवड्यात मला जो भेटतो तो सांगतो, ‘भारतात ज्यूंना कधी त्रास झाला नाही.’ आमच्यापुरतं खरं आहे. कोकणात आमच्या बेने इस्रायली लोकांनी तेलाचे घाणे चालवले, शनिवारी बंद ठेवले म्हणून शनवार तेली म्हणवले गेले, कोणी खडा मारला नाही. मुंबईतल्या नरिमन हाऊस या ज्यू केंद्रावर २००८ साली अतिरेकी आले ते सीमेपलीकडून, आणि रब्बींच्या दोन वर्षांच्या पोराला घेऊन बाहेर पळाली ती त्याला सांभाळणारी आपली सँड्रा. या सगळ्याचा मला अभिमान आहे. पण ते सर्टिफिकेट त्या मुलींपुढे फडकवू नका. त्या इथाकात राहतात, अलिबागेत नाही.

आता कामाचं. ११ तारखेला सकाळी अकरा म्हणजे ऐन शब्बाथ. पाळणारी मुलगी गाडीत बसणार नाही, फोनही उचलणार नाही. सूर्य पावणेपाचच्या सुमारास मावळणार, शब्बाथ सुटायला पुढे तासभर, तोवर तुमच्या खुर्च्या घडी होऊन गेलेल्या असतील. १२ला रविवारी लक्ष्मीपूजन आहेच. कोणाच्या तरी घरी बोलवा.

घरचा फराळ कितीही शाकाहारी असला तरी कडक पाळणाऱ्यांना चालत नाही. कढई कोणती, तूप कुठलं, इथून प्रश्न सुरू होतात. वाईट वाटून घेऊ नका. (मी स्वतः चकली आधी खाते, विचार नंतर करते.) त्यांच्यासाठी न कापलेली फळं ठेवा : केळी, संत्री, डाळिंबं. वर्तुळात यू (ही कोशरची खूण) छापलेली बदामाची, बिस्किटांची पाकिटं वेगमन्समध्ये ढिगाने मिळतात. पाकीट त्यांच्यासमोर फोडायचं, ताटल्या कागदाच्या. सगळ्याच जणी पाळतील असंही नाही. विचारा सरळ, विचारायला लाज कसली?

एस्तेर

---

प्रेषक: यास्मिन
रविवार, ५ नोव्हेंबर

एस्तेरताईंचं वाचून बरं वाटलं. एकच सांगायचं आहे. गाडीची यादी करताय ती सर्वांसाठी ठेवा. गेल्या महिन्यात शिकागोजवळ सहा वर्षांच्या पॅलेस्टिनी मुलाला घरमालकाने भोसकून मारलं. आमच्या ओळखीतल्या हिजाब घालणाऱ्या मुलीही एकट्या बसने जात नाहीत. माझं नाव मंगळवार आणि गुरुवारसाठी लिहा, मागच्या सीटवर कोण बसलंय याची मी चौकशी करणार नाही.

यास्मिन

---

प्रेषक: ओंकार
सोमवार, ६ नोव्हेंबर

विचारलं. शनिवारी नाही, रविवारी १२ला संध्याकाळी तिघी येतील. चौथी ‘मी काहीही पाळत नाही, चकली म्हणजे काय?’ म्हणाली, तिच्यासाठी डबा भरून लागेल. वैशालीताई, तुमच्या घरी चालेल म्हणालात, धन्यवाद.

लॅबवालीने मला येत्या शुक्रवारी हिलेलच्या जेवणाला बोलावलंय. बाहेर पोलीस असतात आणि दारात ओळखपत्र बघतात, तेव्हा घेऊन ये म्हणाली. मेणबत्त्या लागायच्या आत पोचायचंय. रिकाम्या हाताने जाऊ की काय नेऊ, एस्तेरमावशी? वाइन त्यांची त्यांनाच आणू द्यावी असं नेटवर वाचलं.

गाड्यांची यादी तयार आहे, आठवड्याचे सगळे दिवस भरले. यास्मिनताईंच्या सूचनेप्रमाणे सर्वांसाठी. नंबर या लिस्टवर टाकत नाहीये, ज्याला हवे त्याने मला वैयक्तिक लिहावं. कृपा करून ही साखळी कुठे फॉरवर्ड करू नका. आणि रविवारचे फोटो फेसबुकवर नकोत, मुलींनी तेवढं एक आवर्जून सांगितलंय.

ओंकार

---

प्रेषक: एस्तेर
सोमवार, ६ नोव्हेंबर

फुलं ने. सूर्यास्ताच्या आत दे, नंतर कोणी पाण्यात ठेवणार नाही. आणि खिशातला फोन बंद.

---

प्रेषक: श्रीरंग (खजिनदार)
मंगळवार, ७ नोव्हेंबर

दारात कमळ काढायचं ठरलं, आमच्या हिने ठिपक्यांचा कागद काढून ठेवलाय. स्वस्तिक चौरंगापाशी. हा विषय माझ्याकडून संपला.

रविवारची फळं आणि ताटल्या मंडळाच्या खर्चात धरतो, पाहुणचार म्हणून. डाळिंबं वेगमन्समध्ये सोन्याच्या भावाने आहेत. मी शनिवारी सिराक्यूजला जातोय, कॉस्कोतून पेटी आणतो. बदामावर वर्तुळात यू बघून घेईन, नाहीतर दुकानातूनच एस्तेरताईंना फोटो पाठवला असता, पण शनिवार आहे. तेव्हा त्यांनी शुक्रवारपर्यंत नमुना पाठवावा.

पेट्रोलच्या पावत्या १५ तारखेपर्यंत. वर्गणी राहिलेल्यांची नावं पुढच्या मेलमध्ये टाकणार आहे.

श्रीरंग