एकच वकील दोघांना चालेल का?

प्रेषक: अ., लॅन्सडेल

नमस्कार मंडळी,
नावं देत नाही, कृपया अंदाज बांधू नका. ओळखीतल्या एका जोडप्याची सहा वर्षांची मुलगी चौदा महिन्यांपासून फॉस्टर होममध्ये, म्हणजे सरकारने सोय केलेल्या परक्या घरी आहे. आता काउंटीने, म्हणजे इथल्या जिल्हा प्रशासनाने, दोघांचेही पालकत्वाचे हक्क कायमचे काढून घेण्यासाठी पिटिशन टाकली आहे. दोघांचा वकील एकच, फी नाशिकहून सासरे पाठवतात. बायकोने स्वतःचा वकील करावा असं कुणीतरी सुचवलं, पण हाताशी पैसे उरलेले नाहीत. खरंच गरज आहे का?

प्रेषक: शु., फिलाडेल्फिया

अ., गरज आहे, आणि पुढच्या हिअरिंगच्या आत. मी इथे आई-वडिलांच्या बाजूने असेच खटले चालवते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

हा घटस्फोटातला ताब्याचा वाद नव्हे. निकाल विरोधात गेला तर कायद्याच्या लेखी ती आई, आई राहत नाही. मुलीला दुसरं कुणी दत्तक घेऊ शकतं. म्हणूनच 1982 साली सँटोस्की खटल्यात अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं की पारडं थोडंसं झुकलं एवढ्यावर भागणार नाही, पुरावा स्पष्ट आणि खात्रीचाच हवा. आणि हा पुरावा आईविरुद्ध वेगळा, वडिलांविरुद्ध वेगळा तपासला जातो. एकच वकील अडकतो तो इथे. समजा काउंटीच्या वकिलाने आईला विचारलं, "त्या संध्याकाळी मुलीजवळ कोण होतं?" आणि खरं उत्तर "तिचे बाबा" असं असलं तर? तिचा वकील म्हणून त्याने हे उत्तर ठासून पुढे आणायला हवं, आणि नवऱ्याचा वकील म्हणून त्याला ते नको असतं. नवरा साक्षीला उभा राहिला तर बायकोच्या वतीने त्याची उलटतपासणी कोण घेणार?

शिवाय एकाने सांगितलेली गोष्ट असा वकील दुसऱ्यापासून सहसा लपवू शकत नाही. वकिलांच्या आचारनियमांतला 1.7 हा नियम याचसाठी आहे. दोन अशिलांचं हित एकमेकांच्या आड येत असेल तर दोघांनाही ते नीट समजावून संमती घ्यावी लागते, आणि काही वेळा संमती असूनही काम घेता येत नाही. मध्येच बिनसलं तर बहुतेकदा वकिलाला दोघांनाही सोडावं लागतं.

सासऱ्यांनी पैसे भरणं गैर नाही. पण नियम 1.8 प्रमाणे अशील सून आहे, सासरे नव्हेत. तिचं बोलणं त्यांच्यापर्यंत जाता कामा नये, आणि खटला कसा लढायचा हेही त्यांनी ठरवायचं नाही. रात्री नाशिकहून वकिलाला फोन जात असतील तर ते आजच थांबवा.

पैशांसाठी अडून राहू नका. पेनसिल्व्हेनियाच्या दत्तक कायद्यात कलम 2313 आहे. परवडत नाही असा अर्ज आईने केला आणि कोर्टाला ते पटलं, की कोर्ट वकील नेमून देतं. अर्ज मात्र करावा लागतो. देशभर हे गृहीत धरू नका. 1981 च्या लॅसिटर खटल्यात सुप्रीम कोर्टाने पाच विरुद्ध चार मतांनी म्हटलं की अशा प्रत्येक खटल्यात सरकारी खर्चाने वकील मिळालाच पाहिजे, असं राज्यघटना सांगत नाही. तो निकाल मला आजही पटत नाही.

प्रेषक: व., किंग ऑफ प्रशिया

शु.ताई, माहिती उत्तम. पण दोन वकील उभे केले की काउंटीला वाटणार घर फुटलं. जोडप्याने एकजूट दाखवायला नको का? आणि मुलीला कोर्टाने वकील दिलाय म्हणे, तो तर आपल्याच बाजूने बोलेल ना?

प्रेषक: शु., फिलाडेल्फिया

काका, दोघांचं म्हणणं खरंच एक असेल तर दोन वकीलही तेच मांडतील. वेगळं निघालं, तर आईला निदान बोलायला तोंड राहील.

मुलीचा वकील आपलाही नाही आणि काउंटीचाही नाही. पण तिथेही हाच पेच आहे. गार्डियन ॲड लायटम मुलीचं भलं कशात आहे ते कोर्टाला सांगतो, तर मुलीला स्वतःला काय हवंय ते वकील मांडतो. 2017 साली एल.बी.एम. प्रकरणात आपल्या राज्याच्या सुप्रीम कोर्टाने म्हटलं की आई-वडील विरोध करत असतील तर मुलाला वकील मिळालाच पाहिजे, नाहीतर निकाल टिकत नाही. पुढच्या वर्षी टी.एस. प्रकरणात ठरलं की एकच माणूस दोन्ही कामं करू शकतो, पण दोन्हींत विरोध नसेल तरच. इच्छा सांगताच येत नाही इतक्या लहान बाळाबाबत तसा विरोध धरत नाहीत. 2020 च्या के.एम.जी. नंतर, असा विरोध आहे का ही तपासणी खालच्या कोर्टाने केली होती की नाही, हे अपिलाचं कोर्ट स्वतःहून पाहतं. ही मुलगी सहा वर्षांची आहे. ती "मला घरी जायचंय" म्हणत असेल आणि गार्डियनचं मत उलटं असेल, तर आईच्या वकिलाने पहिल्याच दिवशी तिच्यासाठी वेगळा वकील मागावा.

आणि कृपया, केसचे तपशील यापुढे या मेलिंग लिस्टवर नकोत.

प्रेषक: नाव नको

काका, मी या लिस्टवर सहसा लिहीत नाही, पण तुमची मेल वाचून राहवलं नाही. मीही कधीकाळी कोर्टाच्या कॉरिडॉरमधल्या त्या बाकावर बसले होते. मांडीवर लेकीचा पिवळा स्वेटर, भेटीत द्यायला विणलेला, विणून होईपर्यंत तिला आखूड झालेला. आमच्या दोघांच्या मिळून एकाच वकिलांना मी हळूच विचारलं, "त्या रात्री मी कामावर होते, हे सांगू का?" त्यांनी आधी माझ्या नवऱ्याकडे पाहिलं, मग म्हणाले, नंतर बघू. ते नंतर कधी आलंच नाही. तीन महिन्यांनी मी वेगळा वकील मागितला, त्यांना दोघांचंही काम सोडावं लागलं, तारीख पुढे गेली. लेक तेवढे दिवस आणखी परक्या घरी झोपली. याचं मला अजून वाईट वाटतं. पहिल्याच दिवशी मागायला हवा होता.

आज ती माझ्याजवळ आहे. नवराही इथेच आहे, शेजारच्या खोलीत. दोन वकिलांनी आमचं घर फोडलं नाही.

अ., तिला माझा नंबर द्या. अर्ज भरायला मी येऊन बसेन.

प्रेषक: अ., लॅन्सडेल

सगळं तिला वाचून दाखवलं. बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली, "मी त्या दिवशी कुठे होते, हे मला अजून कुणीच विचारलेलं नाही." उद्या सकाळी नऊला अर्ज भरायला बसतोय. शु.ताई, बाकीचं तुम्हाला वेगळ्या मेलवर लिहिते.