गेर्झेहचे लोखंडी मणी: इजिप्तच्या धातुकामाची सुरुवात म्हणायची का?

नीलकाठ
इजिप्तच्या सुरुवातीच्या धातुकामाचा विषय निघाला की गाडी इजिप्तमधल्या गेर्झेह या ठिकाणच्या मण्यांवरच येऊन थांबते. १९११ साली कबरींत सापडलेले, इ.स.पू. ३२०० च्या सुमाराचे, उल्केच्या लोखंडाचे नऊ मणी. धातू आकाशातून आयता पडला आणि कुणीतरी तो ठोकला. यात खनिज वितळवण्याची विद्या कुठे आली? खरा पुरावा तांब्याचा आहे. कैरोजवळच्या मादीत मण्यांच्याही आधीच्या तांब्याच्या कुऱ्हाडी आणि लगडी मिळाल्या आहेत.

फुंकणी
साफ असहमत. २०१३ साली दोन गटांनी हे मणी वेगवेगळे तपासले. उल्केच्या लोखंडाची खूण म्हणजे निकेल, ते भरपूर निघालंच, पण लोखंड ठोकून पातळ पत्रा केलाय आणि तो गुंडाळून नळी केलीय. पार गंजलेल्या मण्यातही ती गुंडाळी ओळखू येते. उल्केचं लोखंड तांब्यासारखं मुकाट वळत नाही, तडकतं. हे नवख्याचं काम नव्हे. आणि मादीत तांब्याचं खनिजही मिळालंय म्हणाल, तर ते डोळ्यांना लावायच्या हिरव्या रंगासाठीही आणलेलं असू शकतं. तेवढ्यावरून तिथे भट्टी होती असं कसं म्हणायचं?

वाळूवाट
खुफूच्या पिरॅमिडमधली लोखंडी पट्टी विसरलात?

फुंकणी
ती १८३७ मध्ये सुरुंगाने दगड उडवताना मिळाली. ती पिरॅमिडच्याच काळातली आहे हे ठरलेलं नाही. तिच्यावर इमले नकोत.

नीलकाठ
भट्टी हवी ना? सिनाईत सेह नस्ब या ठिकाणी तांब्याच्या भट्ट्या ओळीने आहेत. सक्काऱ्याच्या दफनभूमीत मेरेरुका या वजिराच्या कबरीत माणसं नळ्यांनी फुंकून मुशीखालचा जाळ फुलवताना कोरलीत. हे उशिराचं वाटत असेल तर पहिल्या राजवंशातली, जेर राजाच्या काळची सक्काऱ्याची ३४७१ क्रमांकाची कबर घ्या. करवती, सुऱ्या, वाकस, छिन्न्या, सुया, सगळं तांब्याचं आणि शेकड्यांनी. शिवाय पुढे घडवायला ठेवलेले कोरे पत्रे! याला म्हणतात कारागिरी रुजणं. लोखंडाचं मात्र काय झालं? जवळजवळ १९०० वर्षांनी तुतनखामुन राजाला मिळालेला खंजीरही उल्केचाच, निकेल सुमारे ११ टक्के.

फुंकणी
उल्का मिळतात किती? वस्तू थोड्या, त्याचं कारण माल दुर्मीळ. कसब कमी होतं म्हणून नव्हे. तुमचे ते कोरे पत्रे उलट माझीच बाजू भक्कम करतात. तांबं ठोकून पत्रा करायची सवय असलेल्या कारागिराच्याच हाती ते लोखंड पडलं असणार. मग मणी या परंपरेतून बाहेर का काढायचे?